सीमोल्लंघन साडेआठ फुटांचे

खंडेनवमीला आमच्या घरी चौरंगावर जी हत्यारे मांडली जातात, त्यांत कोयता असतो, विळी असते, अडकित्ता असतो आणि आजोबांच्या वेळची एक करवत असते. गेली आठ वर्षे या मंडळींच्या पंक्तीला आणखी एक मानकरी बसतो. तो म्हणजे वीतभर लांबीचे एक काळे इंजिन. झेंडूचे फूल वाहिले की ते निम्मे झाकून जाते. पाहुणे हसतात. ‘मुलांचे खेळणे पूजेत कसे?’ असे एखादे वडीलधारे विचारतातही. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आज दसऱ्याच्या निमित्ताने ते सविस्तर द्यावे, असे मनात आले.

इंजिन आमचे नव्हे. आमच्या थोरल्या मामांचे. मामांची उभी हयात रेल्वेच्या कारखान्यात गेली. दिवसभर खऱ्या इंजिनांशी झुंजायचे आणि रात्री घरच्या माळ्यावर बसून त्याच इंजिनांची बाळरूपे चालवायची, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. साडेआठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशा लाकडी पाटावर त्यांनी एक अख्खा घाट उभा केला होता. डोंगर वर्तमानपत्रांच्या लगद्याचा, झाडे वाळलेल्या काटक्यांची, गवत हिरव्या रंगात बुडवून वाळवलेल्या लाकडी भुशाचे आणि पावसाळी धबधबा मेणबत्तीच्या मेणाचा. बोगद्याच्या तोंडाशी तुरीच्या दाण्याएवढा शेंदरी मारुती होता. लहानपणी सुटीत मामांकडे गेलो, की आम्ही भावंडे त्या पाटाभोवती हात मागे बांधून उभे राहत असू. कारण हात लावायची परवानगी नव्हती.

मामा गेले आणि वर्षश्राद्धानंतर मामींनी आम्हांला बोलावून सांगितले, “माळ्यावरचं ते सगळं तुम्ही घेऊन जा. माझ्याच्यानं आता जिना चढवत नाही.” ज्या वस्तूकडे जन्मभर लांबून पाहिले, ती अशी एका वाक्यात आमची झाली. आनंद झाला, हे खरे. पण त्याहून अधिक धास्ती वाटली. दुसऱ्याने प्राण ओतून उभे केलेले विश्व आपल्या हाती आले, तर त्याचे करायचे काय? जसे आहे तसे झाकून ठेवायचे, की आपल्या मनासारखे करायचे? देव्हारा असो, शेत असो वा एखादी संस्था असो, वारसाहक्काने काही मिळालेल्या प्रत्येक घरापुढे हा प्रश्न एकदा तरी येऊन उभा राहतोच. आमच्यापुढे तो आगगाडीत बसून आला, इतकेच.

उलट्या पावली जाणारी गाडी

मामांनी निवडलेले स्थळ साधे नव्हते. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या लोहमार्गावर बोरघाटात पूर्वी एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. घाट इतका अवघड, की गाडीला सरळ वळण घेऊन वर चढायला कड्यावर जागाच नव्हती. म्हणून गाडी एका अंगाने वर येई, या स्थानकात थांबे आणि मग उलट दिशेने, म्हणजे मागचे तोंड पुढे करून, पुढची चढण चढू लागे. चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने छातीवर येणारा. १८६३ साली हा घाटमार्ग खुला झाला आणि १९२९ साली घाटातील मार्ग बदलून नवे बोगदे खोदण्यात आले, तेव्हा हे स्थानक कायमचे बंद पडले. मामांच्या पाटावर मात्र १९२८ साल चालू होते. त्यांनी घड्याळ तेथेच थांबवले होते.

याच घाटाच्या इतिहासात वारशाची एक विलक्षण हकिकत आहे आणि मामा ती वारंवार सांगत. पहिल्या कंत्राटदाराने काम अर्धवट सोडल्यावर १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने ते पत्करले. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. परक्या मुलखात वैधव्य आलेल्या त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, गाशा गुंडाळला नाही. कंत्राट तिने स्वतःकडे घेतले, प्रत्यक्ष देखरेख ॲडम्सन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांवर सोपवली आणि घाट पुरा होईपर्यंत ते काम निभावले. साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी हजारो मजुरांचा बळी घेतलेले हे काम. नवऱ्याने हाती घेतलेले कार्य तिने आपल्या पद्धतीने तडीस नेले. ‘घाट बांधला कोणी?’ या प्रश्नाला मामांचे उत्तर ठरलेले असे: “ज्यांनी सुरू केला त्यांनी, आणि ज्यांनी सोडला नाही त्यांनी.”

आमच्या हातून घडलेला अपराध

मांडणी घरी आणून आठ दिवसही झाले नव्हते, तोच आम्ही एक पराक्रम केला. पाट उलटा करून पाहिला, तर खाली तारांचे जंजाळ. त्यांतली एक पिवळी तार अशी होती, की ती एका छोट्या कळीतून निघून रुळाच्या टोकाच्या जेमतेम फूटभर तुकड्याला जाऊन मिळत होती. त्या तुकड्याला शेजारच्या रुळांतून वीज मिळेल, या तारेचे काम काय, असे आम्हांला वाटले. ‘मामांच्या उतारवयातली काहीतरी विसराळू जोडणी’ अशी आम्ही आपल्याशीच समजूत घातली. तार कापली आणि तो तुकडा शेजारच्या रुळाला थेट जोडून टाकला.

संध्याकाळी मुलांना जमवून गाडी सुरू केली. गाडी घाट चढून फलाटावर आली. पलीकडच्या टोकाला दुसरे इंजिन जोडून गाडी उलट न्यायची, एवढेच उरले होते. कळ फिरवली मात्र, आणि दोन्ही इंजिने एकदमच हलली. ज्याने गाडी आणली होती ते इंजिन जागीच थांबायला हवे होते. ते डब्यांना मागून रेटू लागले, दुसरे बेताने ओढत होते, आणि मधला डबा सांध्यावर आडवा होऊन दोन फूट खाली फरशीवर पडला. त्याचे टप मोडले. मामांनी स्वतः कोरलेल्या खिडक्यांपैकी चार गेल्या.

मग उलगडा झाला. या छोट्या गाड्या बारा व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात. वीज रुळांतून इंजिनाला मिळते आणि तिचे टोक पालटले, की दिशा पालटते. याचाच अर्थ असा, की एकाच रुळावर दोन इंजिने असतील, तर ती दोन्ही एकाच वेळी धावू लागणार. उलट्या स्थानकात तर दोन इंजिने लागतातच. म्हणून मामांनी टोकाचा तो फूटभर तुकडा बाकीच्या रुळांपासून तोडून वेगळा केला होता आणि त्याला स्वतंत्र कळ दिली होती. कळ मिटली, की तेथे उभे असलेले इंजिन झोपी जाई आणि दुसरे निर्वेधपणे गाडी घेऊन निघे. सबंध मांडणीचे मर्म त्या एका पिवळ्या तारेत होते. आणि आम्ही तीच निरुपयोगी ठरवली होती.

त्या रात्री आम्हांला आमची आजी आठवली. तिच्या देव्हाऱ्यात तांब्याची एक झिजलेली, ओळखू न येणारी चकती होती. एका सुनेने ती ‘नुसता पत्रा आहे’ म्हणून बाजूला ठेवली, तेव्हा आजी एवढेच म्हणाली होती, “कळत नाही म्हणून काढू नये. आधी विचारावं.” विचारायला आता मामा नव्हते, पण मामांची वही होती.

तिघांच्या तीन वाटा

ती वही उघडण्यापूर्वी, ज्यांनी असाच वारसा मागे ठेवला त्या परदेशी मंडळींची थोडी माहिती सांगणे अवश्य आहे. कारण मामा त्या सर्वांना गुरुस्थानी मानत.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे या गावी जॉन ॲलन नावाच्या छायाचित्रकाराने आपल्या घराच्या तळघरात डोंगरदऱ्यांची एक अद्‌भुत लघुरेल्वे उभी केली होती. तिचे कडे जमिनीपासून थेट छतापर्यंत चढत. १९७३ सालच्या जानेवारीत त्याचे निधन झाले आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांतच लागलेल्या आगीत त्या मांडणीचा बहुतेक भाग भस्मसात झाला. तिची छायाचित्रे तेवढी राहिली आणि राहिली त्याची शिकवण: गाड्या नुसत्या गोल फिरवू नयेत, खऱ्या रेल्वेसारख्या कामाला लावाव्यात, डबे नवे कोरे न ठेवता त्यांवर ऊनपावसाच्या खुणा दिसू द्याव्यात. वस्तू गेली, तरी विद्या वारशात आली.

दुसरी वाट इंग्लंडमधल्या जॉन अहर्नची. त्याने एक काल्पनिक दरी रचली, तिला ‘मॅडर व्हॅली’ हे नाव दिले आणि तीत गल्ल्या, बंदर, घरे वसवली. त्या गावातली चिमुकली माणसे त्याच्या पत्नीने घडवली होती. १९६१ साली अहर्न वारला. पुढे ही मांडणी ऑक्सफर्डशायरमधील लाँग विटनहॅम या खेड्यातील पेंडन संग्रहालयात आली आणि तेथे ती त्याच्या हातची कलाकृती म्हणून जतन केली गेली. तिच्यात कोणी नवी भर घालत नाही.

या पेंडन संग्रहालयाची स्वतःची कथाही सांगण्यासारखी आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. तेथील खेड्यांतली गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत पाडली वा बदलली जात आहेत, हे पाहून त्याचा जीव कळवळला. मूळ घरांची मापे घेऊन, त्यांच्या ७६व्या हिश्शाने लहान प्रतिकृती करण्याचे व्रत त्याने घेतले. १९५४ साली संग्रहालय सुरू झाले. एकेका घराला कित्येक महिने लागत. एका माणसाच्या आयुष्यात ते काम पुरे होणे अशक्य होते आणि हे त्यालाही ठाऊक होते. १९९५ साली तो गेला. त्याच्या मागे स्वयंसेवकांनी तीच मापे, तीच शिस्त आणि तोच काळ धरून गाव वाढवत नेले. येथे वारसदारांनी मूळ कृती गोठवली नाही आणि तिच्यावर आपले नावही कोरले नाही.

तिसरी वाट एका धर्मगुरूची. रेव्हरंड पीटर डेनी हे चर्च ऑफ इंग्लंडचे उपाध्याय. चर्चचे काम सांभाळून त्यांनी १९४५ नंतरच्या काळात ‘बकिंगहॅम’ नावाची लघुरेल्वे उभारायला घेतली. बकिंगहॅम गाव खरे. पण ग्रेट सेंट्रल कंपनीची शाखा तेथे कधी गेलीच नव्हती. ती गेली असती, तर १९०७ साली कशी दिसली असती, हे त्यांनी कल्पनेने रचले. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे सुटत आणि एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकाला घंटांच्या ठोक्यांनी वर्दी जाई. दृष्टीआडच्या शेवटच्या स्थानकाचे काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन पाही. पुढे ते काम सांभाळायला तो घरी नसे, तेव्हा डेनींनी त्याच्या जागी एक स्वयंचलित यंत्र बनवले. ते घंटांना उत्तर देई आणि गाड्या आतबाहेर सोडी. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’! पोटच्या मुलाच्या रिकाम्या जागेला असे हसतखेळत नाव देणाऱ्या त्या बापाविषयी वाचताना मामांचे डोळे पाणावत. मामांना मूलबाळ नव्हते.

२००९ साली डेनी निवर्तले. त्यांची मांडणी एका जाणत्या चाहत्याच्या हाती आली. त्याने ती संग्रहालयाच्या काचेआड ठेवली नाही. जीर्ण झालेले सांधे आणि तारा दुरुस्त केल्या, डेनींची रीत समजून घेतली आणि त्याच घंटा पुन्हा वाजू लागल्या. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात, तेव्हा गाभाऱ्यातली मूर्ती तीच राहते, पूजा तीच राहते. खचलेला दगड मात्र बदलावाच लागतो. ‘बकिंगहॅम’चे जे झाले, त्याला आम्ही जीर्णोद्धारच म्हणू.

आणि यासाठी सातासमुद्रापार जाण्याचीही गरज नाही. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून घडवलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. खऱ्याच्या ८७व्या हिश्शाच्या गाड्यांचे एक सबंध शहरच तेथे नांदते. भाऊंच्या पश्चात त्यांच्या पुढच्या पिढीने ते चालू ठेवले. आम्ही मुलांना घेऊन तेथे गेलो, तेव्हा धावणाऱ्या गाड्यांइतकेच त्यांना चालवणाऱ्या हातांकडे पाहत राहिलो. मुलाने बापाचा छंद पुढे चालवावा, ही गोष्ट बोलायला सोपी. पण रोज सकाळी रूळ पुसायला बसणे सोपे नाही.

वहीतला उपदेश

मामांच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ होते आणि त्याखाली तारांचा सविस्तर नकाशा. पिवळ्या तारेपुढे ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘हिला हात लावू नये.’ वही आधी वाचली असती, तर डबा फुटला नसता. त्या वहीच्या आधारे आणि आमच्या चुकांतून आम्ही काही नेम घालून घेतले. ज्यांच्या घरी असा वारसा आला असेल, त्यांना ते उपयोगी पडतील, म्हणून येथे देतो.

पहिला नेम असा, की पहिले वर्षभर काही बदलू नये. मांडणी जशी आहे तशी चालवावी. सहाही ऋतूंत ती कशी वागते, हे पाहावे. पावसाळ्यात लाकडी पाट फुगतो, उन्हाळ्यात रूळ लांबतात. म्हणून रुळांच्या जोडात जी बारीक फट असते, ती चूक नसून शहाणपण असते. ती बुजवू नये. दुसरा नेम असा, की तारेला हात लावण्याआधी तिला चिठ्ठी बांधावी: ही कोठून निघते आणि कोठे जाते. छायाचित्रे काढून ठेवावीत. तिसरा नेम स्वच्छतेचा. गाडी अडखळते ती बहुधा बिघाडाने नव्हे, रुळांवर चढलेल्या काळ्या पुटाने. ते मऊ खोडरबराने वा स्पिरिटच्या फडक्याने पुसावे. पॉलिश कागद घासू नये. त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत पुढे अधिकच मळ बसतो.

चौथा नेम सर्वांत महत्त्वाचा. जे काढाल ते टाकू नका आणि जे कराल ते उद्या काढता येईल असे करा. आमच्या एका भाच्याने सुचवले, की हल्लीची अंकीय पद्धत बसवू. रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळा संदेश जातो, त्यामुळे एकाच रुळावरची दोन इंजिने स्वतंत्रपणे चालतात आणि तो तोडलेला तुकडा, ती कळ, ती पिवळी तार यांची गरजच उरत नाही. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. नव्याने मांडणी करणाऱ्याने तसेच करावे. पण मामांनी त्या एका कळीत आपली सारी बुद्धी साठवली होती आणि ती कळ दाबताना आम्हांला दर वेळी त्यांचे बोट आपल्या बोटाखाली असल्यासारखे वाटे. आम्ही भाच्याला नको म्हटले.

डोंगर कापायचा, की गाडी?

येथपर्यंत आम्ही केवळ रखवालदार होतो. खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती घेतली आमच्या धाकट्या मुलीने. तिला त्या घाटात डेक्कन क्वीन हवी होती.

मागणी ऐकून आम्ही तिला इतिहास समजावू लागलो. उलटे स्थानक १९२९ साली बंद पडले; डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी. ती विजेच्या इंजिनाने धावणारी गाडी, आणि या पाटावर विजेचे खांब नाहीत, कारण येथे १९२८ साल आहे. म्हणजे दख्खनची राणी या फलाटावर कधी उभी राहिलीच नाही. राहणे शक्यच नव्हते. मुलीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “पण हे सगळं आता आपलंच आहे ना?”

त्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. आमचे होते, आणि नव्हतेही. शिवाय एक व्यावहारिक अडचण होती. डेक्कन क्वीनचे डबे लांब. मामांचा बोगदा जुन्या आखूड डब्यांच्या मापाने वळणावर कोरलेला. लांब डबा वळला, की त्याचा कोपरा बाहेर झुकतो आणि बोगद्याच्या कडेला घासतो. राणीला आणायचे, तर बोगद्याचे तोंड रुंद करावे लागणार, आणि त्या तोंडाशीच तर मारुती बसलेला!

शेवटी आम्ही मामींकडे गेलो. त्या आता ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. नवऱ्याच्या साऱ्या आयुष्याचे हे काम. त्यात ढवळाढवळ करण्याआधी त्यांना विचारणे आमचे कर्तव्य होते. त्या रागावतील, निदान दुखावतील, अशीच आमची अपेक्षा होती. मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हसल्या.

“अरे, तुम्ही ज्याला मूळचं मूळचं म्हणता, ते त्यांनी स्वतः तीनदा मोडलंय. आधी तिथे नुसता गोल रूळ होता. मग कुठलंसं बंदर केलं. घाट तर त्यांना फार पुढे सुचला. मोडताना त्यांना कधी वाईट वाटलं नाही. आणि तुम्ही हात लावायला भिता?”

आम्ही ऐकतच राहिलो. त्या पुढे म्हणाल्या, “आणि राणीचं म्हणशील, तर ती हौस मूळ माझी. लग्न होऊन मी पुण्याहून मुंबईला आले ती डेक्कन क्वीननं. घाटात धुकं होतं. मी त्यांना कितीदा म्हटलं, एकदा तरी माझी गाडी तुमच्या घाटात आणा. ते म्हणायचे, इतिहासात बसत नाही.” मामींनी पदराने चष्मा पुसला. “नाही बसत तर नाही बसत. मी काही पुन्हा बोलले नाही.”

चाळीस वर्षे आम्ही ज्या मांडणीचे कौतुक करत आलो, तिच्यातून एक माणूस असे बाहेर राहिले होते, हे आम्हांला कधी जाणवलेच नव्हते. जॉन अहर्नच्या गावात त्याच्या पत्नीने घडवलेली माणसे तरी होती. मामींच्या वाट्याला काय आले होते? रात्री उशिरा माळ्यावर नेऊन ठेवलेला चहा.

निर्णय मग आपोआप झाला. राणी येणार, पण बोगद्याला धक्का न लावता. डोंगर कापायचा की गाडी, या वादात आम्ही गाडी कापली. जागा कमी असली, की डब्यांची एक-दोन खिडक्यांपुरती लांबी कमी करून ते घडवण्याची रीत या छंदात जुनीच आहे. डोळ्यांना ते पटकन कळतही नाही. असे तीन डबे आम्ही जाड पुठ्ठ्याचे केले. रंग मामींनी आठवून सांगितला. तो कोणत्या सालचा, हे आम्ही पुस्तकात पडताळून पाहिले नाही. मामींची आठवण हेच प्रमाण मानले. विजेचे खांब उभारले नाहीत; खांब म्हटले की डोंगराला भोके पाडणे आले. मामींनी निवाडा दिला, “तारा नसल्या तरी चालेल. धुक्यात कुठे दिसतात?”

आणि मामांच्या १९२८ सालाचा मान राखायचा म्हणून एक मर्यादा घालून घेतली. वर्षाचे ३६४ दिवस पाटावर मामांचाच काळ नांदेल. राणी येईल ती एकच दिवस, दसऱ्याला. सीमा ओलांडण्याचा दिवस शास्त्रानेच नेमून दिलेला असताना आम्ही दुसरा मुहूर्त कशाला शोधावा?

पूजा आणि सीमोल्लंघन

दसऱ्याच्या सणात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, याकडे आमचे लक्ष या मांडणीने वेधले. नवमीला आपण जुनी हत्यारे पुसतो, त्यांना गंधफूल वाहतो. आणि दुसऱ्या दिवशी गावाची शीव ओलांडून पलीकडे जातो. पांडवांनी शमीच्या झाडावर शस्त्रे जपून ठेवली, म्हणून ती वेळेला हाती आली. पण ती खाली उतरवून घेतली, म्हणूनच उपयोगी पडली. नुसती पूजा केली, तर वारसा ढोलीतच राहतो. पूजा न करताच शीव ओलांडू गेले, तर पिवळी तार कापली जाते. आधी नवमी, मग दशमी. हा क्रम आपल्या पूर्वजांनी उगाच ठेवलेला नाही.

गेल्या दसऱ्याला मामींना खुर्चीवर बसवून आम्ही वर आणले. कळ त्यांच्या हाती दिली. हात थरथरत होता, त्यामुळे गाडीही थोडी थरथरतच निघाली. घाट चढली, बोगद्यात शिरली, मारुतीला न शिवता बाहेर आली आणि ज्या फलाटावर ती कधी थांबली नव्हती, तेथे येऊन थांबली. टोकाचे इंजिन निजवण्यासाठी धाकटीने पिवळ्या तारेची कळ मिटली. गाडी उलटी फिरली. कोणी काही बोलले नाही. मामी एवढेच म्हणाल्या, “उशीर झाला, पण आली.”

रात्री राणीचे डबे पेटीत गेले आणि काळे इंजिन पुन्हा आपल्या जागी आले. वहीत मामांच्या अक्षराखाली धाकटीने त्या दिवसाची नोंद केली: काय आणले, काय बदलले, काय जपून ठेवले. फुटलेल्या डब्याच्या त्या चार खिडक्या अजून बसवायच्या आहेत; तेही तिने लिहून ठेवले आहे.

आजही संध्याकाळी सोने लुटून झाले, की मामींना वर आणायचे आहे. वाचकहो, तुमच्याही घरी कोणाच्या तरी हातची अशी एखादी वस्तू माळ्यावर असेल. आज ती खाली काढा. पुसा. तिच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, विशेषतः ज्यांना आजवर कोणी विचारले नाही त्यांना. आणि मग ती चालवा.

सोने घ्या, सोन्यासारखे राहा.